बीपी: लसणाची पाकळी की पोह्यांवरची शेव?

इंदूरच्या मराठी घरात कुणाचं बीपी वाढल्याची बातमी फुटली की दोन दिवसांत किमान सात उपाय घरपोच येतात. माझं निघालं तेव्हा शेजारच्या काकूंनी सोललेल्या लसणाची वाटी दिली, राजेंद्र नगरहून नणंदबाईंनी बीट पाठवले आणि भजनी मंडळातून अर्जुनसालीच्या काढ्याची पुडी आली. ‘पोह्यांवरची शेव बंद कर’ असं मात्र एकीनेही म्हटलं नाही. इंदुरात तसं बोलणं जरा असभ्यच.

दवाखान्यात आकडा होता १५२/९६. मधुमेह नाही, किडनी ठीक, वय ५३. डॉक्टर म्हणाले, ‘तीन महिने देतो, ताटात आणि पायांत फरक करून दाखवा, नाहीतर गोळी.’ ते तीन महिने मी वहीत लिहून काढले. ज्यांचा वरचा आकडा १४० ते १५९ च्या घरात आहे आणि गोळीआधी काय करून बघावं असा ज्यांना प्रश्न पडलाय, त्यांच्यासाठी हा हिशेब. १६०/१०० च्या वर असाल किंवा सोबत मधुमेह, किडनीचा त्रास असेल, तर यातलं सगळं गोळीच्या जोडीला करायचं, गोळीऐवजी नाही.

आधी आकडा तरी खरा आहे का

घरच्या मशीनवर मला पहिले चार दिवस १६० च्या पुढचे आकडे दिसत होते आणि त्या काळजीनेच झोप उडाली होती. चूक पट्ट्याची निघाली. दंड जाड आणि मशीनसोबत आलेला पट्टा लहान असला की आकडा फुगून येतो. मोठा पट्टा आणल्यावर दहा-बारा अंक तिथेच उतरले, लसूण न खाता.

मोजण्याआधी अर्धा तास चहा नाही, लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला टेबलावर. आमचे हे नेमके तेव्हाच ‘किती आलं?’ विचारतात. बोललं तरी आकडा वर जातो. सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा, असं सात दिवस मोजून पहिला दिवस सोडून द्यायचा आणि बाकीच्यांची सरासरी काढायची. घरी ती १३५/८५ च्या वर असेल तर बीपी आहे असं धरतात. माझी आली १४८/९३. कुठल्याही उपायाची परीक्षा या सरासरीवर करायची. एका सकाळी काढा घेतला आणि दुपारी १३० आलं, याला काही अर्थ नसतो.

घालायचे उपाय

लोक सांगतात ते उपाय बहुतेक ताटात काहीतरी वाढवणारे असतात. ते सोपे वाटतात, कारण काही सोडावं लागत नाही.

लसणापासून सुरुवात करू. लसणावर अभ्यास झालेत आणि त्यांत बीपी थोडं उतरल्याचं दिसतं. पण त्यांतले बरेचसे प्रयोग मुरवलेल्या लसणाच्या अर्काच्या किंवा पावडरीच्या ठरावीक मात्रेवरचे आहेत. अनशापोटी चावलेल्या दोन पाकळ्यांत काय आणि किती उतरतं, ते पाकळीगणिक बदलतं. मी महिनाभर खाल्ल्या. वहीत फरक दिसला नाही, घरात मात्र सगळे जरा लांब बसू लागले. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर असे प्रयोग डॉक्टरांना विचारूनच करा.

बीटचं प्रकरण जास्त भक्कम आहे. बीटमधल्या नायट्रेटचं तोंडातले जिवाणू नायट्राइट करतात, पुढे शरीरात त्याचं नायट्रिक ऑक्साइड होतं आणि रक्तवाहिन्या सैल पडतात. लंडनमधल्या एका प्रयोगात (२०१५) बीपीच्या रुग्णांना रोज २५० मिलिलीटर रस चार आठवडे दिला, तेव्हा वरचा आकडा आठेक अंकांनी उतरला. रस बंद केल्यावर तो परत चढला, हेही त्याच प्रयोगात दिसलं. जंतुनाशक माउथवॉशने खळखळून चुळा भरत असाल तर बीटचं काम तोंडातच अडतं, कारण ते जिवाणूच मरतात. खर्चाचं म्हणाल तर रोज पेलाभर रस म्हणजे तीन-चार बीट. हिवाळ्यात ठीक, मे महिन्यात माझा उत्साह संपला. मुतखडा होऊन गेलेल्यांनी या वाटेला जाऊ नये, बीटमध्ये ऑक्झलेट भरपूर असतं.

लाल अंबाडीच्या बोंडांचा चहाही बरा निघतो. अमेरिकेतल्या २०१० च्या एका अभ्यासात दिवसाला तीन कप, सहा आठवडे, असा क्रम ठेवल्यावर वरचा आकडा सातेक अंकांनी उतरला. आंबट, लालभडक, साखर न घालता जमला तर उत्तम. मला तो बीटपेक्षा आवडला.

अर्जुनसालीला आपल्याकडे हृदयाचं औषध म्हणून मोठा मान आहे, पण बीपी उतरवण्याचा ठोस पुरावा तोकडाच. दुधीच्या रसाबद्दल एवढंच: कडू लागला तर एक घोटही पुढे घेऊ नका. कडू दुधीतल्या विषाने माणसं दगावली आहेत. आणि ज्येष्ठमध! मंडळातल्या एका काकूंचं बीपी अख्खा हिवाळा का चढतंय ते कळेना. शेवटी उमगलं की घसा चांगला राहावा म्हणून त्या दिवसभर ज्येष्ठमधाची काडी चघळत होत्या. ज्येष्ठमधातल्या ग्लिसरायझिनमुळे शरीर मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम घालवतं आणि बीपी वाढवतं. ‘नैसर्गिक’ काडीनेच चढलेलं बीपी त्या नैसर्गिक काढ्याने उतरवायला निघाल्या होत्या.

सर्पगंधेची गोष्ट मला या सगळ्यात जास्त शिकवणारी वाटते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेने बीपी उतरतं हे रुग्णांवरच्या अभ्यासातून दाखवलं आणि आपली ही मुळी जगभर गेली. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं, त्याच्या गोळ्या झाल्या. मग नाक चोंदणं, सुस्ती, मोठ्या मात्रेत मन खचणं असे त्रास दिसले आणि पुढे बरी औषधं आल्यावर ती मागे पडली. म्हणजे जी वनस्पती खरंच बीपी जोरात उतरवते ती औषधच असते, मात्रा आणि दुष्परिणामांसकट. माझ्या धाकट्या दिरांनी १६८/१०२ वर असताना एका दुकानातून आणलेलं सर्पगंधेचं चूर्ण पाच महिने ‘चमच्याने’ घेतलं. चमच्यात मुळीचा अर्क किती, हे दुकानदारालाही सांगता येईना. आकडा १६० च्या खाली आला नाही, वर दिवसभर पेंग. आता ते बीपीची ५ मिलिग्रॅम अम्लोडिपिनची गोळी घेतात आणि १३२ वर आहेत.

काढायचे उपाय

इथे इंदूरकरांची खरी परीक्षा आहे. मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वाटी ठेवली आणि पोह्यांवर सवयीने जेवढी शेव घालते तेवढी तीत टाकली. २८ ग्रॅम. पाकिटाच्या मागे १०० ग्रॅमला ९०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलेलं. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ निघतं. म्हणजे त्या एका मुठीत साधारण ०.६ ग्रॅम मीठ. फार नाही वाटत. पण सकाळी पोह्यांवर, दुपारी वरणभातासोबत, संध्याकाळी चहाबरोबर, रात्री कधी शेवेची भाजी, अशा चार मुठी झाल्या की अडीच ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमहून कमी. अर्धा कोटा नुसत्या शेवेवर, आणि अजून पोह्यांतलं मीठ, जीरावनातलं (पोह्यांवर भुरभुरायच्या इंदुरी मसाल्यातलं) काळं मीठ, लोणचं, पापड (त्यातला खार म्हणजेही सोडियमच) यांचा हिशेब लागायचाय. सुट्या नमकीनला तर मागची बाजूच नसते.

दुसरी युक्ती याहून सोपी. मिठाचं एक किलोचं पाकीट फोडताना त्यावर बॉलपेनने तारीख घालायची. घरात दोघं असाल आणि मर्यादेत असाल तर ते शंभर दिवस पुरायला हवं, बाहेरचं खाणं न धरता. आमचं पहिलं पाकीट ४३ दिवसांत संपलं. माणशी साडेअकरा ग्रॅम! थोडं धुण्यापुसण्यात, लोणच्यात गेलं असं धरलं तरी आकडा लाजिरवाणाच.

सैंधव घेतलं तर? उपासाला घ्या, बीपीसाठी नको. सैंधव, काळं मीठ, गुलाबी मीठ, सगळं मुख्यतः सोडियम क्लोराइडच. खरा वेगळा पर्याय म्हणजे थोडं पोटॅशियम क्लोराइड घातलेलं कमी सोडियमचं मीठ. चीनमधल्या ६०० खेड्यांतल्या सुमारे २१,००० लोकांवरच्या २०२१ साली छापलेल्या अभ्यासात पाऊण भाग नेहमीचं मीठ आणि पाव भाग पोटॅशियमचं असं मिश्रण वापरलं, तर पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. चव किंचित कडसर, वरणात कळतही नाही. पण किडनीचा आजार असेल किंवा पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या (टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या जातीच्या) चालू असतील तर ते विचारल्याशिवाय घरात आणू नका. पोटॅशियम फार चढलं तर हृदयाचा ठोका बिघडतो.

मीठ कमी करण्याबरोबर भाजी, फळं, दही, डाळी वाढवल्या तर आणखी पदरात पडतं. १९९७ च्या अमेरिकन ‘डॅश’ प्रयोगात मीठ आणि वजन तसंच ठेवून फक्त असं जेवण दिलं, तरी बीपीच्या रुग्णांचा वरचा आकडा ११ अंकांनी उतरला. तिथे जेवण तयार मिळत होतं, घरी तेवढं जमत नाही. तरी गिलकं, पालक, मूग, बिनमिठाचं ताक, केळं यांत परदेशी काहीच नाही. रविवारचे दाल-बाफले मी सोडले नाहीत. चारचे दोन केले.

आणखी एक वजाबाकी कुणी सांगत नाही: गुडघेदुखीच्या गोळ्या. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन रोज घेतल्या तर बीपी चढतं. सोडा असलेली, फसफसणारी ॲसिडिटीची पावडर हेही मीठच समजा.

चालणं, भिंत आणि भ्रामरी

आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालण्याने बीपीवाल्यांचा वरचा आकडा पाच ते आठ अंकांनी उतरतो असं साधारण धरतात. मेघदूत उपवनात सकाळी चालणारे पुष्कळ, पण परतताना छप्पन दुकानवर कचोरीला थांबणारेही तेवढेच. वजन उतरलं तर किलोमागे साधारण एक अंक.

उन्हाळ्यात चालणं चुकलं की मी भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखी बसते. दोन मिनिटं बसायचं, दोन मिनिटं थांबायचं, असं चारदा, आठवड्यातून तीन वेळा. २०२३ मध्ये २७० प्रयोग एकत्र तपासले गेले, त्यात अशा स्थिर व्यायामाने सरासरी आठ अंक उतरलेले दिसले, चालण्या-पळण्याने साडेचार. मला आधी खोटंच वाटलं. श्वास मात्र रोखायचा नाही, आणि बीपी फार चढलेलं असेल तर आधी विचारायचं. मांड्या पहिल्या आठवड्यात अशा थरथरतात की भिंतच हलते आहे असं वाटतं.

भ्रामरी, अनुलोम-विलोम, मिनिटाला सहा संथ श्वास यांनी लगेच आकडा उतरतो, पण तो परिणाम टिकाऊ किती यावर फार भरवसा ठेवू नये. झोप मात्र सुधारते, आणि झोप बिघडली की बीपीही बिघडतं.

मग निवडायचं कसं

बारा आठवडे हातात असतील तर मी मीठ आणि चालणं यांपासून सुरुवात करेन, अंबाडीचा चहा आवडीने, बीट जमेल तेव्हा, लसूण फोडणीत. पैशाने हे सगळ्यात स्वस्त, मनाला सगळ्यात महाग.

गोळीशी तुलना करायची तर एका साध्या गोळीच्या नेहमीच्या मात्रेने वरचा आकडा सरासरी नऊएक अंकांनी उतरतो, तीही काही रुपयांत. अम्लोडिपिनने काहींच्या पायांवर सूज येते, तसं झालं तर डॉक्टर गोळी बदलतात. गोळी म्हणजे हार, असं आपल्याकडे उगाच समजतात. आणि चालू असलेली गोळी काढ्याच्या भरवशावर स्वतःहून बंद करायची नाही, काही गोळ्या अचानक सोडल्या तर बीपी उसळून येतं. १८०/१२० च्या पुढे आकडा आणि सोबत छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं असलं काही दिसलं तर मोजत बसू नका, सरळ हॉस्पिटल.

माझी तीन महिन्यांनंतरची सरासरी १३४/८४ आली, वजन तीन किलो कमी. यात मिठाचं किती, चालण्याचं किती, भिंतीचं किती, ते मला वेगळं काढता येत नाही. डॉक्टर म्हणाले, गोळी तूर्त नको, पण दर महिन्याला सात दिवसांची सरासरी दाखवत राहा. शेव पूर्ण सुटलेली नाही. रविवारी पोह्यांवर वजन करून दहा ग्रॅम घालते, आणि हे माझ्याकडे असे बघतात जणू मी सोनं तोलतेय. मिठाचं दुसरं पाकीट ७१ दिवस चाललं. तिसऱ्यावर तारीख घातली आहे, ते अजून अर्ध्यावर आहे.