बिल निम्म्यावर आणणारी पेटी

फळी आधी येते, माणूस मागून. फळीवर एक अँपिअर मीटर, जुन्या पद्धतीची चोकवाली ट्यूब आणि दोन सॉकेट. गळ्यात ओळखपत्र. त्यावर वीज खात्याचं नाव कुठेच नसतं, पण चार पावलांवरून तसं वाटावं असा रंग आणि वर लखलखत्या विजेचं चित्र. गोव्यात, बार्देश तालुक्यातल्या एका चिऱ्याच्या घरात तो मे महिन्यात, दुपारी, घरात कर्ती माणसं नसताना आला. बलकावात, म्हणजे घरापुढच्या पडवीत, बसलेल्या मावशींना म्हणाला, "मावशी, गेल्या महिन्याचं बिल दाखवा बघू."

बिलावर ३१२ युनिट होते. त्याने मान हलवली, फळीची वायर सॉकेटात खोचली, ट्यूब पेटवली. मीटरचा काटा ०.४० अँपिअरवर गेला. मग खिशातून साबणाच्या वडीएवढी पांढरी पेटी काढून दुसऱ्या सॉकेटात लावली. पेटीवर हिरवा दिवा लागला आणि काटा ०.२३ वर उतरला. ट्यूबचा उजेड तसाच.

"किती झालं, मावशी?"
"निम्मं."
"मग बिल किती येणार?"

उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेतलं. एक पेटी घराला, एक विहिरीच्या पंपाला, मिळून ४,८०० रुपये. पावती म्हणून एक रंगीत कार्ड, त्यावर पाच वर्षांची गॅरंटी आणि दुकानाच्या पत्त्याच्या जागी नुसता मोबाइल नंबर. तो महिन्याभरात बंद झाला.

या फसवणुकीतली खरी गोम अशी की मीटरचा काटा खोटं बोलत नाही. अँपिअर खरोखरच उतरतात. म्हणून शिकलेली माणसंही फसतात. खोटं आहे ते "अँपिअर उतरले म्हणजे बिल उतरलं" हे वाक्य.

चोक, पंपाची मोटर, जुना फ्रिज यांच्या आत तारेची गुंडाळी असते. ती दर सेकंदाला शंभर वेळा थोडी वीज उसनी घेते आणि तेवढीच परत करते. शेजारणीकडून वाटीभर साखर आणायची आणि न वापरता तीच परत द्यायची, तसं. पायपीट होते, साखर संपत नाही. फळीवरचा अँपिअर मीटर पायपीट मोजतो. तुमच्या घराबाहेरचा खात्याचा मीटर संपलेली साखर मोजतो. पेटी काय करते, तर साखर उसनी देणारी एक शेजारीण घरातच आणून बसवते. बाहेरची पायपीट कमी होते, आमटीत पडणारी साखर तेवढीच राहते.

आकड्यांत बघा. तो गडी तोंडी गुणाकार करतो: ०.४० गुणिले २३० व्होल्ट म्हणजे ९२ "वॅट", आणि पेटी लावल्यावर ५३. पण पहिले ९२ हे वॅट नव्हेतच, ते व्होल्ट-अँपिअर, म्हणजे पायपिटीचा आकडा. चाळीस वॅटची ट्यूब आणि तिचा चोक मिळून साधारण ५२ वॅट खातात, पेटीआधीही आणि पेटीनंतरही. फळीवर वॅटमीटर असता तर काटा जागचा हलला नसता. म्हणूनच फळीवर वॅटमीटर कधीच नसतो.

घरगुती बिल किलोवॅट-तासांवर लागतं, त्यालाच आपण युनिट म्हणतो. वेर्णा किंवा कुंडईच्या वसाहतीतल्या मोठ्या कारखान्याची गोष्ट वेगळी. तिथे पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेत खरोखर संपणाऱ्या विजेचं प्रमाण, पडला तर बिलात फटका बसतो, म्हणून ते कपॅसिटरचं, म्हणजे अशीच उसनवारी भागवणाऱ्या भागांचं, पॅनेल बसवतात आणि ते योग्यच आहे. विक्रेत्याच्या छापील पत्रकावर याच पॅनेलचा फोटो असतो. अर्धं खरं सगळ्यात महाग पडतं.

विक्रेत्याला उघडं पाडायचं असेल तर भांडू नका. इस्त्री आणून द्या आणि म्हणा, "ट्यूब काढ, ही लाव." इस्त्री, गिझर, पाणी तापवायची सळई यांत उसनवारी जवळजवळ नसतेच. दोन हजार वॅटचा गिझर ८.७ अँपिअर घेतो आणि पेटी लावल्यावरही ८.७ च घेतो. यावर ठरलेलं उत्तर मिळतं: "हीटिंगसाठी वेगळं मॉडेल येतं, मावशी." छताच्या पंख्यावर तर आणखी मजा. पंख्यात स्वतःचा कपॅसिटर आधीच असतो, त्यामुळे पेटी लावल्यावर अँपिअर बहुधा वाढतात. फळीवर नेहमी चोकवाली ट्यूब किंवा रिकामी फिरणारी छोटी मोटर का असते, ते यावरून कळेल. आणि आज घरात चोकवाल्या ट्यूब राहिल्यात किती? एलईडी दिवे, टीव्ही, इन्व्हर्टर फ्रिज यांचा पॉवर फॅक्टर वेगळ्याच कारणाने बिघडलेला असतो, तो कपॅसिटरने सुधारत नाही.

मावशींकडची पंपाची पेटी तीन महिन्यांत फुगली, तेव्हा ती उघडली. आत चार मायक्रोफॅरडचा (हे कपॅसिटरच्या क्षमतेचं माप) एक कपॅसिटर, पंख्यात २.५ चा असतो त्याचाच थोरला भाऊ. एक छोटा पूल-रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा), एक रोधक (रेझिस्टर), एक हिरवा एलईडी. बस. उरलेल्या पोकळीत काळं डांबरासारखं ओतलेलं, वजन यावं म्हणून. "मायक्रोप्रोसेसर" असं वेष्टनावर लिहिलं होतं, तो डांबराखालीही सापडला नाही. चार मायक्रोफॅरड २३० व्होल्टवर जेमतेम ०.२९ अँपिअरची उसनवारी भागवतात. चोकसाठी ते पुरतं, कारण ट्यूबच्या जुन्या पट्ट्यांत एवढाच कपॅसिटर बसवलेला असायचा. पाच-सहा अँपिअर ओढणाऱ्या एक अश्वशक्तीच्या पंपासमोर ते समईत थेंबभर तेल. वर तो हिरवा दिवा आणि रेक्टिफायर मिळून एक वॅट धरला, तरी महिन्याला पाऊण युनिट पेटीच खाते.

तरीही लोक छातीठोक सांगतात, "आमचं बिल उतरलं हो." मावशींचंही उतरलं. मे महिन्यात हाती असलेल्या बिलावर ३१२, जुलैच्या बिलावर २२८. पेटी मे महिन्यात विकली जाते ती उगाच नव्हे. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस लागतो, एसी बंद, पंखा तीनवर, माडांना पाणी घालायचं नाही म्हणून पंपही गप्प. मग बिल उतरणारच. मावशींच्या मुलाने आदल्या वर्षीची बिलं काढली. तेव्हा पेटी नव्हती आणि आकडे होते ३०५ आणि २३१. तुलना करायची ती गेल्या महिन्याशी नव्हे, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी, आणि बिलावरच्या दोन रीडिंगमधले दिवस मोजून. घर बंद असल्यामुळे सरासरीने आलेलं बिल तुलनेला घेऊ नका. मुंबईला किंवा परदेशात राहणाऱ्यांच्या घरांत हा घोळ हमखास होतो.

पेटी घरात आलीच असेल तर वीस-पंचवीस मिनिटांत तपासता येते. मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा असतो आणि शेजारी "३२०० इम्पल्स" किंवा असाच आकडा छापलेला असतो. म्हणजे एका युनिटला तो दिवा तेवढ्या वेळा लुकलुकतो. घरातलं सगळं बंद करा, फ्रिज आणि वायफायची पेटीसुद्धा, आणि एकच ७५ वॅटचा पंखा पूर्ण वेगाने चालू ठेवा. दहा मिनिटं मोजा. ३२०० च्या मीटरवर चाळीसच्या आसपास लुकलुक येईल. आता पेटी लावा आणि पुन्हा दहा मिनिटं मोजा. पुन्हा चाळीस, फार तर एखादी जास्त. इस्त्रीवर ही चाचणी करू नका, तिचा थर्मोस्टॅट मध्येच बंद पडतो आणि हिशोब चुकतो. फ्रिजचंही तेच.

पैसे गेले ते गेले, पण पेटी सॉकेटात राहिली तर धोका वेगळाच. हलक्या प्रतीचा कपॅसिटर चोवीस तास लाइनवर राहतो. रात्री भार कमी झाल्यावर काही भागांत व्होल्टेज २५० च्या वर जातं, किनाऱ्यालगत खारट दमट हवेने पिना गंजतात, कपॅसिटर फुगतो, प्लास्टिक वितळतं. सॉकेट पडद्यामागे किंवा कपाटामागे असेल तर आगीला निमंत्रणच. जुन्या धाटणीच्या चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरवर ही पेटी लावली तर इन्व्हर्टर ट्रिप होतो किंवा पेटी जळते. आणि काढताना पिनांना हात लावू नका. आत साठलेली वीज सोडून देणारा रोधक बहुतेक पेट्यांत नसतो, तेव्हा काढल्यावरही ३२५ व्होल्टपर्यंतचा झटका बसू शकतो. माणूस मरत नाही, पण स्टुलावरून पडतो. "वीज कोसळली तरी टीव्ही वाचेल" हे आश्वासनही पोकळ आहे. त्यासाठी नीट अर्थिंग लागतं, आणि चिऱ्याची जमीन उन्हाळ्यात इतकी कोरडी पडते की अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायची आठवण ठेवावी लागते.

आता त्या बिलाचं. दारातल्या माणसाने मावशींच्या बिलाचा मोबाइलवर फोटो काढला होता, "नोंदणीसाठी". बिलावर नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक, थकबाकी, सगळं असतं. दीड महिन्याने मेसेज आला: मागचं बिल भरलेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या नंबरवर बोला. ग्राहक क्रमांक बरोबर होता म्हणून तो खरा वाटला. पलीकडचा माणूस एक ॲप टाकायला सांगतो आणि "खातं पडताळायला" फक्त दहा रुपये भरायला. ॲप टाकलं की तुमच्या मोबाइलचा पडदा त्याला दिसू लागतो, ओटीपीसकट. मावशींच्या मुलाने फोन हिसकावून घेतला म्हणून निभावलं. फोटो आणि मेसेज यांचा संबंध सिद्ध करता येणार नाही, पण बिल अनोळखी माणसाच्या हातात देऊ नये याला एवढं कारण पुरे. थकबाकीची शंका असेल तर १९१२ या वीज हेल्पलाइनवर विचारा किंवा बिल घेऊन उपविभागाच्या कचेरीत जा.

त्या ४,८०० रुपयांत खरंच काय झालं असतं? पंचाहत्तर वॅटच्या पंख्याच्या जागी तीस वॅटचा बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा आला असता. रोज बारा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिट वाचतात, आणि गोव्यातले घरगुती टप्पे शंभर-शंभर युनिटांनी चढत जात असल्याने ते सगळ्यात महागड्या टप्प्यातून वजा होतात. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचं आहे. ते बघून घ्यायचं, डब्यावरची "सुपर सेव्हर"ची पट्टी नव्हे.

गरम पाण्याचा हिशोब तर पेटीवाल्याच्या बापालाही बदलता येणार नाही. वीस लिटरची बादली २७ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला ०.३ युनिट लागतातच. चौघांच्या चार बादल्या, दिवसाला १.२ युनिट, महिन्याला छत्तीस. साठ अंशांवर तापवून थंड मिसळलं तरी गणित तेच राहतं. वाया जाते ती टाकीत उरून निवणारी उष्णता. म्हणून चौघांनी पाठोपाठ आंघोळी उरकायच्या, गिझर शेवटच्या बादलीआधीच बंद करायचा. मागे न्हाणीत भाण (चुलीवर पाणी तापवायचं मोठं भांडं) असेल आणि परसात माडाची चुडतं (झावळ्या), नारळाची सोडणं, करवंट्या पडून असतील, तर ते छत्तीस युनिटही लागत नाहीत. धुराची धुसफूस मात्र सोसावी लागते.

फसलेल्यांनी लाजून गप्प बसू नये. पैसे ऑनलाइन गेले असतील तर आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, आणि जितक्या लवकर तितकं बरं, कारण पुढच्या खात्यात सरकण्याआधी रक्कम अडवता येते. पेटी दुकानातून, फेरीतल्या (जत्रेच्या बाजारातल्या) स्टॉलवरून किंवा ऑनलाइन घेतली असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, आणि ती ऑनलाइनही दाखल होते. पेटी फेकू नका, उघडूही नका. मावशींची उघडलेली पेटी वजनाच्या डांबरासकट पुरावा म्हणून कमजोरच ठरली असती, न उघडलेली घरातली पेटी होती म्हणून बरं. वेष्टन, गॅरंटी कार्ड, पैसे दिल्याची नोंद, वेष्टनावरच्या "४० टक्के बचत" या छापील दाव्याचा फोटो आणि मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांची बिलं, एवढं एका पाकिटात घालून ठेवा.