ब्रूनोचा पाय काढल्यावर आलेली गाठ आणि इथल्या मॅडम

पाच स्टार देतेय, आणि ते ऑपरेशनसाठी नाहीत. ऑपरेशन चांगलंच झालं, पण खरे स्टार ऑपरेशननंतर जी गाठ आली ती इथे ज्या पद्धतीने बघितली त्यासाठी आहेत. तुमच्या कुत्र्याचा पाय काढावा लागेल असं कुणी सांगितलं असेल आणि तुम्ही रात्री जागून क्लिनिक शोधत असाल तर हे पूर्ण वाचा, लांबलंय पण वाचा.

ब्रूनो आमचा रॉटवायलर, वय आठ. पुढच्या डाव्या पायाला मनगटाच्या थोडं वर सूज आली, लंगडायला लागला, एक्स-रे काढला तर हाड आतून पोखरल्यासारखं दिसत होतं. ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर. मोठ्या जातीच्या कुत्र्यांमध्ये हाडाचा जो कॅन्सर होतो तो बहुतेक वेळा हाच असतो आणि तो पुढच्या पायात ह्याच जागी नाहीतर खांद्याजवळ जास्त होतो हे मला इथे कळलं. पाय काढायच्या आधी इथल्या डॉक्टर मॅडमनी छातीचे तीन बाजूंनी एक्स-रे काढून घेतले कारण हा पहिल्यांदा फुफ्फुसात जातो. फुफ्फुसं क्लिअर आली. तरी त्यांनी खोटी आशा दिली नाही, सरळ सांगितलं की एक्स-रेमध्ये दिसत नसलं तरी बारीक पेशी बहुतेक कुत्र्यांमध्ये आधीच पसरलेल्या असतात, नुसता पाय काढला तर साधारण चार-पाच महिने मिळतात आणि केमो दिली तर दहा-बारा महिन्यांपर्यंत जाऊ शकतं, काही कुत्री त्याच्याही पुढे जातात. हे ऐकताना माझ्या डोळ्यांना धार लागली होती पण आज वाटतं की असंच सांगायला हवं होतं.

आम्ही नाशिकचे, त्यामुळे आधी मुंबईला परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला न्यायचं चाललं होतं. पण ऑपरेशननंतर पन्नास किलोचा कुत्रा कसारा घाटातून परत आणायचा, परत टाक्यांना न्यायचा, परत केमोला न्यायचा, हे झेपणारं नव्हतं आणि इथे सगळं होतं म्हणून इथेच केलं. पुढचा पाय काढताना खांद्याच्या सपाट हाडासकट सगळाच काढतात, अर्धवट ठेवत नाहीत, त्यामुळे जखम खांद्यापासून छातीपर्यंत मोठी असते हे बघायची तयारी ठेवा. एस्टिमेट आधी लिहून दिलं होतं आणि बिल तेवढंच आलं. ब्रूनो दुसऱ्या दिवशी उभा राहिला, आमच्यापेक्षा त्यानेच लवकर मनावर घेतलं.

आता गाठीचं. टाके काढायचे बाकी होते आणि आई (माझ्या सासूबाई) रोज दुपारी त्याच्याजवळ सतरंजीवर बसून त्याला कुरवाळत असतात, तर त्यांच्या हाताला जखमेच्या खालच्या टोकाला, छातीच्या बाजूला, काहीतरी लागलं. मऊ, लिंबापेक्षा मोठं, दाबलं की आत पाणी हलल्यासारखं. संध्याकाळपर्यंत ते खाली लोंबल्यासारखं दिसायला लागलं. घरात कुणी बोलेना. सगळ्यांच्या मनात एकच होतं की परत आला, पाय देऊन पण परत आला.

रविवार होता, क्लिनिक बंद. व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकला आणि मला वाटलं आता सोमवारीच उत्तर येईल, तर मॅडमचा स्वतःचा फोन आला. गाठीशेजारी एक रुपयाचं नाणं धरून फोटो काढा म्हणाल्या म्हणजे आकार कळेल, आणि गाठीच्या कडेने पेनाने रेघ मारून ठेवा म्हणजे सकाळपर्यंत वाढली का ते कळेल. ताप बघा म्हणाल्या, कुत्र्याचं नॉर्मल १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं म्हणजे आपल्याला जो ताप वाटतो तो त्यांचा रोजचाच, १०३ च्या वर गेला किंवा गाठ गरम लागली, दुखायला लागली, घाण वास किंवा पू आला, जेवण सोडलं तर थांबायचं नाही, रात्री पण फोन करा. ब्रूनोला ह्यातलं काहीच नव्हतं, पोळी-दूध चाटूनपुसून खाल्लं. आईंनी विचारलं हळदीचा लेप लावू का, तर मॅडमनी अजिबात न चिडता सांगितलं की आजी टाक्यांच्या जवळ काहीच नको, चाटेल आणि टाके ओढेल, चाटू नये म्हणून घातलेला प्लास्टिकचा कोन गळ्यात राहू द्या. दुखलं तर आपली माणसांची गोळी पण द्यायची नाही, क्रोसिन नाही, ब्रुफेन नाही, ती कुत्र्यांना विषासारखी लागते, त्यांनी लिहून दिलेलीच द्यायची. हा फोन पंधरा-वीस मिनिटं चालला असेल आणि त्याचा एक रुपया लावला नाही.

सोमवारी सकाळी पहिला नंबर आमचा. इथे मला जे आवडलं ते नीट सांगते. मॅडमनी गाठीला हात लावला, चाचपली, आणि त्यांना बहुतेक तेव्हाच कळलं होतं, पण त्या "काही नाही हो" म्हणाल्या नाहीत. कातडी साफ केली, बारीक सुई घातली, थोडं पाणी ओढलं, गुलाबीसर पिवळट पातळ पाणी, त्याचे थेंब काचेवर पसरवले, रंग लावला आणि तिथेच मायक्रोस्कोपखाली बघितलं. मग मला बोलावून दाखवलं. जंतू नाहीत, पू नाही, कॅन्सरच्या पेशी दिसत नाहीत. सेरोमा आहे म्हणाल्या. एवढा मोठा पाय काढला की आत स्नायूंच्या मधे रिकामी जागा राहते, तिथे शरीरातलं पाणी साठतं आणि वजनाने खाली उतरतं, म्हणून गाठ जखमेच्या खालच्या टोकाला आली. ऑपरेशननंतर पहिल्या काही दिवसांत हे बऱ्याच कुत्र्यांना होतं, जो जास्त हलतो त्याला जास्त, आणि ब्रूनो दाराची बेल वाजली की तीन पायांवर उठून धावतोच.

मी म्हटलं मग सगळं पाणी काढून टाका ना, बघवत नाही. नको म्हणाल्या. रिकामं केलं तरी जागा तशीच राहते, परत भरतं, आणि दर वेळी सुई आत गेली की जंतू आत जायची भीती. गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने दिवसातून दोन-तीनदा हलका शेक, जिने नाही, सोफा नाही, जखम भरेपर्यंत हार्नेस पण नाही, आणि दोन-तीन आठवड्यांत शरीर आपणच ते पाणी शोषून घेतं. गाठ फार ताणली गेली किंवा दुखायला लागली तर बघू. पाणी काढायचं आणि बिल लावायचं हे त्यांना सहज करता आलं असतं, मी स्वतः मागत होते.

परत आला का हा प्रश्न मी विचारायच्या आधीच त्यांनी उत्तर दिलं. हा कॅन्सर पाय काढल्यावर त्याच जागी क्वचितच उगवतो आणि इतक्या लवकर तर नाहीच, तो बघायचा तो फुफ्फुसात, म्हणून पुढचे छातीचे एक्स-रे चुकवायचे नाहीत.

तेवढ्यावर सोडलं नाही. डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळं अंग चाचपलं आणि उजव्या बरगडीवर आणखी एक छोटी गाठ सापडली, हरभऱ्याएवढी, आम्हाला कुणालाच माहीत नव्हती. परत सुई. त्या म्हणाल्या साधी चरबीची गाठ आणि मास्ट सेल ट्यूमर, म्हणजे कुत्र्यांना होणारा एक कातडीचा कॅन्सर, हाताला अगदी सारखे लागू शकतात, म्हणून कुणीही नुसता हात लावून चरबी आहे म्हटलं तर विश्वास ठेवायचा नाही, मी म्हटलं तरी ठेवू नका, आणि घरी अशी गाठ सारखी दाबत पण बसू नका. काचेवर तेलकट थेंब आणि चरबीच्या पेशी निघाल्या. फाइलमध्ये कुत्र्याचं चित्र छापलेलं आहे त्यावर दोन्ही गाठींची जागा आणि माप तारखेसह लिहिलं. दोन्ही सुयांच्या तपासण्या मिळून हजाराच्या आत झाल्या.

सेरोमा हळूहळू बसला, आता कातडी थोडी सैल आहे तिथे, बाकी काही नाही. जंतू झाले असते तर केमो लांबली असती, हे त्यांनी नंतर सांगितलं. केमोचं औषध कार्बोप्लॅटिन सुरू आहे, दर तीन आठवड्यांनी, आधी रक्त तपासून, पांढऱ्या पेशी कमी असल्या तर एक आठवडा थांबवतात. सलाइनमधून देतात, तेवढा वेळ आम्हाला शेजारी बसू देतात. लोक विचारतात केस गळाले का, नाही गळाले, बहुतेक कुत्र्यांचे गळत नाहीत, एक-दोन दिवस सुस्त असतो आणि जेवण कमी करतो एवढंच.

तक्रारी पण लिहिते कारण मॅडम हे रिव्ह्यू वाचतात. दारात तीन पायऱ्या आहेत आणि रॅम्प नाही, तीन पायांच्या कुत्र्यांवर इतकं चांगलं काम करणाऱ्या जागी हे शोभत नाही, एक लाकडी फळी टाकली तरी चालेल. आतली फरशी गुळगुळीत आहे, ब्रूनो तिथे दोनदा घसरला, पुढचा एकच पाय असलेल्या कुत्र्याचं जवळजवळ सगळं पुढचं वजन त्या एका पायावर येतं आणि तो घसरला की काळजात धस्स होतं, आम्ही घरात सगळीकडे रबरी मॅट आणि जुन्या योगा मॅट टाकल्यात तसं इथे पण पाहिजे. मांजरं आणि कुत्री एकाच खोलीत बसवतात, संध्याकाळी फार गोंधळ होतो. रिसेप्शनवरचा मुलगा चांगला आहे पण फोन एकटाच उचलतो, लागत नाही.

म्हणून सकाळची वेळ घ्या, संध्याकाळी सहानंतर जाऊच नका. मोठा कुत्रा असेल तर गाडी गेटला लावून आतल्या दादांना हाक मारा, ते चादर घेऊन येतात आणि दोघं मिळून अलगद आत नेतात. जुने एक्स-रे नुसते मोबाईलवर फोटो काढून नेऊ नका, फिल्म किंवा सीडी न्या, मॅडमना मूळच बघायला लागतं.