टॅनर की हर्मिट?

ग्रँड कॅन्यनमध्ये उतरणारे बहुतेक जण ब्राइट एंजल वाटेच्या गर्दीतून जातात. ती टाळायची तर दक्षिण कड्यावरून टॅनर आणि हर्मिट या दोन वाटा आहेत. मुक्कामाला परवाना दोन्हींवर लागतो आणि गुडघे दोन्हींवर बोलतात. खरा फरक पाण्याचा.

टॅनर लिपन पॉइंटवरून सुटते आणि साधारण १४ किलोमीटरमध्ये सुमारे १४०० मीटर उतरून कोलोराडो नदीला टेकते. वाटेत पाण्याचा थेंब नाही, सावलीही नावापुरतीच. म्हणून जाणकार उतरतानाच एखादी भरलेली बाटली दगडाआड ठेवून जातात, परतीच्या चढासाठी. नदी गाठली म्हणजे सुटलात असंही नाही. पाणी बऱ्याचदा दुधाच्या चहासारखं गढूळ. घडीच्या बादलीत ते रात्रभर निवळत ठेवायचं, घाई असेल तर आपली घरगुती तुरटी फिरवायची. थेट फिल्टरला लावलंत तर तो चोंदलाच समजा.

हर्मिटवर सांता मारिया झरा आहे, तिथे टेकायला दगडी आडोसाही आहे, आणि खाली हर्मिट क्रीक हा ओढा बारमाही वाहतो. पाणी शुद्ध करून प्यायचं, एवढंच. वरच्या टप्प्यात शंभरेक वर्षांपूर्वी रेल्वे कंपनीने केलेली फरसबंदी अजून पायाखाली येते. पुढे दरडींनी वाट गिळलीय, तिथे हात टेकत जावं लागतं.

पहिल्यांदा जाताय? हर्मिट. मला स्वतःला टॅनरचा खालचा, दरी एकदम रुंदावते तो भाग जास्त आवडतो. पण उन्हाळ्यात तिचं नावही काढू नका.