ओव्हरक्लॉक केलेल्या पीसीत रॅमच्या स्टिक दोन की चार?

मदरबोर्डवर चार स्लॉट दिसले की चारही भरावेसे वाटतातच. काचेच्या कॅबिनेटमध्ये चार दिवे ओळीने लागलेले छानही दिसतात. (हौस तेवढीच असेल तर आत मेमरी नसलेल्या, नुसत्या दिव्यांच्या स्टिकही मिळतात. त्या खुशाल लावा.) पण रॅम ओव्हरक्लॉक करून, म्हणजे अधिकृत वेगापेक्षा जोरात, चालवायची असेल, तर वेग जास्त महत्त्वाचा की जीबी, हे आधी ठरवा. डीडीआर५ वर, म्हणजे डीडीआर४ नंतरच्या पिढीच्या रॅमवर, दोन्ही एकदम क्वचितच पदरात पडतं.

दुकानातसुद्धा एक गैरसमज ऐकू येतो: चार स्टिक म्हणजे चार चॅनल, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधले डेटाचे चार रस्ते. तसं नाही. एएमडीचा रायझन असो वा इंटेलचा कोअर आय७, नेहमीच्या डेस्कटॉप प्रोसेसरला मेमरीचे चॅनल दोनच. चार लावल्या की एकेका चॅनलवर दोन-दोन बसतात, सिग्नलवरचा भार वाढतो आणि वेग उतरवावा लागतो. बहुतेक बोर्डांवर तारा आधी एका स्लॉटला आणि तिथून पुढच्या स्लॉटला जातात. म्हणूनच दोनच स्टिक असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायला सांगतात.

फरक किती, ते एएमडीच्याच आकड्यांत बघा. रायझन ७००० ला दोन स्टिकवर अधिकृत वेग ५२०० (एमटी/एस, म्हणजे सेकंदाला इतके दशलक्ष ट्रान्सफर), रायझन ९००० ला ५६००. चार लावल्या की दोन्हींना ३६००. दोन स्टिकवर बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्स्पो, म्हणजे स्टिकमध्येच साठवलेलं ओव्हरक्लॉकचं तयार सेटिंग, चालू केलं की ६००० बहुतेकांना विनासायास मिळतो. कागदावर ६००० म्हणजे सेकंदाला ९६ जीबी, ३६०० म्हणजे ५७.६. चार स्टिक ६००० पर्यंत नेणारे लोकही आहेत, पण तुमच्या प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर किती चांगला निघाला, हा नशिबाचा भाग. व्होल्टेज वाढवून रेटायचं म्हटलं तर तिथेही कुंपण आहे. २०२३ मध्ये काही रायझन ७००० एक्सथ्रीडी (जादा कॅशवाले) प्रोसेसर जळाल्यावर एएमडीने एसओसी व्होल्टेजला (मेमरी कंट्रोलरला मिळणाऱ्या व्होल्टेजला) १.३ व्होल्टची मर्यादा घातली.

डीडीआर४ वाल्यांनी एवढी चिंता करू नये. रायझन ५००० वर चार सिंगल रँक (चिपचा एकच गट असलेल्या) स्टिकचा अधिकृत वेग २९३३ असला, तरी ८ जीबीच्या चार स्टिक ३२०० वर सहसा निमूट चालतात. कधी कधी दोनपेक्षा थोड्या सरसच ठरतात, कारण एक रँक कामात असताना दुसरीकडून डेटा घेता येतो. जुना एएम४ (रायझन ५००० ज्यात बसतो त्या सॉकेटचा) पीसी असेल तर भरा चारही.

डीडीआर५ वर चार घालून पहिल्यांदा बटण दाबलंत की काय होतं? पंखे फिरतात, स्क्रीन काळी, बोर्डावर डीरॅमचा दिवा लागलेला. एक मिनिट जातं, दोन जातात, आणि माणूस घाबरून मागचा स्विच बंद करतो. तिथेच चुकतं. बोर्ड मेमरीचं ट्रेनिंग करत असतो, म्हणजे स्टिकशी नीट बोलता येईल असं सेटिंग शोधत असतो, चार मोठ्या स्टिकना त्यासाठी काही मिनिटं लागतात, आणि मध्येच वीज तोडली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. चहा टाका, तोवर येईल स्क्रीन.

दुसरी अडचण उकाड्याची. डीडीआर५ मध्ये व्होल्टेज सांभाळणारी चिप स्टिकवरच असते. चार शेजारी शेजारी बसल्या की मधल्यांना हवा लागत नाही. जानेवारीत रात्रभर टेस्ट पास झालेलं सेटिंग मे महिन्यात, ठाण्यातल्या एसी नसलेल्या खोलीत, दुपारी एरर द्यायला लागू शकतं. दरवेळी पीसी हँग होऊन तुम्हाला कळेलच असंही नाही. खारघरला बसून लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्याची एखादी फाइल गुपचूप खराब होते आणि कळतं डिलिव्हरीच्या दिवशी. डीडीआर५ चं चिपमधलं एरर करेक्शन स्टिक आणि प्रोसेसर यांच्यामधल्या तारांवरच्या चुका पकडत नाही.

मग घ्यायचं काय? गेमिंगसाठी १६ जीबीच्या दोन, ६०००, विषय संपला. एक्सथ्रीडी प्रोसेसर असेल तर मोठ्या कॅशमुळे रॅमच्या वेगाचा फरक आणखी कमी जाणवतो. एडिटिंग, ब्लेंडर, व्हर्च्युअल मशीन यांसाठी ४८ जीबीच्या दोन घेतल्या की ९६ जीबी होतात आणि वेगही राहतो. चार स्टिकचा पर्याय मला पटतो तो फक्त १९२ जीबीसारखी गरज असलेल्यांसाठी. तिथे ३६०० सुद्धा चालेल, कारण रॅम संपून एसएसडीवर लोटलेलं काम त्याहून कितीतरी रखडतं.

‘आत्ता दोन, पुढे आणखी दोन’ हा सगळ्यात वाईट सौदा. ठाणे स्टेशनजवळ घ्या नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा, मॉडेल नंबर तोच मिळाला तरी आतल्या चिप वेगळ्या असू शकतात. एक्स्पोची हमी एका खोक्यातल्या जोडीपुरती असते, दोन खोकी एकत्र करून नाही.

अर्थात २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे भडकलेत, की घरातली जोडी काढून नवी मोठी घ्या म्हणायला जीभ रेटत नाही. पण जुन्या जोडीलाही आता चांगला भाव येतो, तेवढं आधी विचारून बघा. तरीही चारच लावायच्या असतील तर एक्स्पो बंद ठेवून ३६०० वर चालू करा, रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा, मग ४००० आणि ४४०० असं एकेक पायरी वर जा. एक जरी एरर आला तरी एक पायरी खाली या आणि तिथेच थांबा.