‘गॅस संपलाय’ म्हणत लावलेला चुना : गाडीच्या एसीबाबत सावध राहा

एप्रिलपासून पुण्यात एसी दुरुस्तीवाल्यांकडे रांगा लागतात आणि उन्हाने बेजार झालेला माणूस सांगतील ते ऐकून घेतो. माझ्याकडून याच दिवसांत साडेचौदा हजार रुपये उकळले गेले. सगळं तपशिलात लिहितेय, कारण हीच पद्धत आणखी कितीतरी जणांवर वापरली जात असणार.

तक्रार साधी होती. वारजेपासून चांदणी चौकाच्या पुढे हायवेला गाडी पळत असली की एसी गारेगार. कर्वे रोडला सिग्नलवर थांबलं की दोन मिनिटांत गरम हवा. मागे बसलेल्या बाबांचा जीव अक्षरशः कासावीस व्हायचा. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर.

घराजवळच्या एका एसीवाल्याकडे गाडी नेली. त्याने बॉनेट उघडून निळा पाइप लावला आणि गॅसचा दाब दाखवणारा मीटर माझ्यासमोर धरला. काटा शून्यावर. “ताई, गॅसच नाहीये. कॉइल लीक आहे, बदलावी लागेल.” कॉइल म्हणजे डॅशबोर्डमागची, हवा गार करणारी जाळी. वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक काळी पडलेली कॉइल दाखवून “अशी होते बघा” म्हणाला. संध्याकाळच्या आत गाडी परत मिळाली. बिलावर कूलिंग कॉइल, व्हॅक्यूम, गॅस ९०० ग्रॅम आणि मजुरी. पुढच्याच सिग्नलवर परत गरम हवा.

पुन्हा गेले तर म्हणाला, आता कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) बघायला लागेल, वीस हजार धरून चला. तिथून मी थेट नाना पेठेत ओळखीतून कळलेल्या एका जुन्या मेकॅनिक काकांकडे गेले.

त्यांनी पाइपला हातही लावला नाही. एसी चालू करून बॉनेट उघडलं आणि म्हणाले, “पंखा बघा.” आमच्या गाडीत रेडिएटरचा आणि एसी कंडेन्सरचा (गॅसमधली उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीचा) असे दोन पंखे आहेत. एसीचा पंखा ढिम्म उभा होता. गाडी पळत असते तेव्हा समोरचा वारा कंडेन्सरला थंड करतो, थांबली की ते काम पंख्याचं. पंखा बंद असेल तर आतली उष्णता बाहेर पडत नाही, प्रेशर चढतं आणि कॉम्प्रेसर मध्येच कट होतो. त्यांनी पंख्याचा रिले (त्याला वीज देणारा छोटा स्विच) काढला, तो जळलेला होता. नवा बसवला तसा पंखा फिरायला लागला. रिलेचे आणि मजुरीचे मिळून सहाशे रुपये झाले.

मग काटा शून्यावर कसा होता? काकांनी त्यांचा मीटर लावून दाखवलं. पाइपच्या टोकाचा जो कपलर गाडीच्या व्हॉल्व्हवर बसतो, त्याला वर एक फिरकी असते. ती फिरवल्याशिवाय गॅस मीटरपर्यंत पोचतच नाही, म्हणजे भरलेल्या गाडीतही काटा शून्यच दिसणार. गाडी बंद असताना, पस्तीस अंश तापमानात, आर-१३४ए गॅस असलेल्या सिस्टिमचे दोन्ही काटे (कमी आणि जास्त दाबाच्या बाजूचे) साधारण ११५ पीएसआयच्या (दाबाचं एकक) आसपास दिसायला हवेत. आणि गॅस खरंच शून्य असता तर कॉम्प्रेसर लागलाच नसता. मग सकाळी हायवेवर गार हवा आली कुठून? हे त्या माणसाला माहीत नव्हतं असं मी मानायला तयार नाही.

कॉइलचं तर याहून वाईट. काकांनी ग्लोव्ह बॉक्स सोडवून केबिन फिल्टर ओढला. काळ्या धुळीने माखलेला, घड्यांत कडुनिंबाची वाळकी पानं. त्या फटीतून मोबाइलच्या टॉर्चने बघितलं तर आतल्या कॉइलवर जुन्या धुळीचा थर तसाच होता. माझ्या गाडीत कॉइल बदलायची तर डॅशबोर्ड उतरवावा लागतो, त्यात अख्खा दिवस जातो. स्क्रूंना कोणी स्पर्शही केला नव्हता.

बॉनेटखाली एक छोटा स्टिकर असतो, तो तुम्ही आजच शोधून ठेवा. त्यावर गॅसचा प्रकार आणि वजन लिहिलेलं असतं. माझ्या गाडीचं ४०० ग्रॅम आहे, बिलात ९००! काकांनी मशीनने गॅस काढून वजन केलं, ४७० निघाला. जास्तीचा गॅस कॉम्प्रेसरवर ताण देतो, म्हणजे पैसे गेले ते गेलेच, वर गाडीलाही धोका.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठूनतरी गळतोय. त्यामुळे कोणी नुसतं ‘भरून टाकू’ म्हणालं तर गळती दाखवा म्हणा: नायट्रोजन भरून साबणाच्या पाण्याने किंवा डाय (गळतीची जागा दाखवणारा रंग) घालून ती सापडते. त्याआधी पंखा फिरतोय का, कंडेन्सर धुळीने चोंदलाय का आणि केबिन फिल्टर कसा आहे हे स्वतः बघा. हवा कमी येत असेल तर आधी फिल्टरवर संशय घ्या. हवा भरपूर पण कोमट असेल तर मामला वेगळा. बदललेला जुना पार्ट आपल्यासमोर काढायला लावा आणि घरी घेऊन या.

फोटो आणि बिल घेऊन त्या एसीवाल्याकडे गेले. आधी आवाज चढवला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर त्याच्यासमोर लावला तेव्हा कॉइलचे पैसे यूपीआयने परत केले. गॅसचे आणि मजुरीचे द्यायला तो तयार नाही. त्यासाठी तक्रार नोंदवली आहे. सोबत स्टिकरचा फोटो, ४७० ग्रॅमची पावती आणि काकांचं लेखी मत जोडलं आहे.