ट्रान्झिस्टरच्या जोड्या जुळवणारा घरगुती टेस्टर: काही महिन्यांच्या वापरानंतर

एकसारखे वागणारे दोन ट्रान्झिस्टर शोधायला हा टेस्टर बनवला: ९ व्होल्टची बॅटरी, ८२ किलोओहमचे एक टक्कावाले (किमतीत फार तर एक टक्का चूक असणारे) दोन रेझिस्टर, दोन सॉकेट आणि एक पुश बटण. झिरो पीसीबीच्या (भोकांच्या तयार बोर्डाच्या) छोट्या तुकड्यावर सगळं मावतं. ट्रान्झिस्टरला बेस, कलेक्टर आणि एमिटर असे तीन पाय असतात. प्रत्येकाचा बेस त्याच्याच कलेक्टरला जोडायचा, एमिटर निगेटिव्हला, आणि ज्याच्या त्याच्या रेझिस्टरमधून साधारण ०.१ मिलिअँपिअर करंट द्यायचा. दोन कलेक्टरांमध्ये मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टवर लावला की बेस-एमिटर व्होल्टेजमधला फरक थेट दिसतो.

पिना ओळखायला बाजारातला तयार कंपोनंट टेस्टर उत्तमच. पण तो एकेक ट्रान्झिस्टर मोजतो, आणि सिलिकॉनचं हे व्होल्टेज तापमानाच्या दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतं. एक सकाळी मोजला, दुसरा दुपारी, तर तुलना फोल. इथे दोघेही एकाच वेळी, एकाच हवेत तराजूच्या दोन पारड्यांत असतात. बॅटरी उतरली तरी दोघांचा करंट सारखाच घटतो, त्यामुळे रेग्युलेटरही लागत नाही.

संयम लागतो तो बोटांच्या उबेमुळे. ट्रान्झिस्टर हाताने बसवला की आकडा सरकत राहतो. तो स्थिरावेपर्यंत थांबायचंच. मी आता चिमटाच वापरतो. मग दोघांची अदलाबदल करून पुन्हा मोजायचं. रेझिस्टरांत १ टक्का फरक असेल तर पाव मिलिव्होल्टची चूक शिरते. चिन्हासकट एका आकड्यातून दुसरा वजा करून निम्मं केलं की ती निघून जाते.

१ मिलिव्होल्ट फरक म्हणजे करंटमध्ये जवळपास ४ टक्के. ॲम्प्लिफायरच्या इनपुटला, एमिटरमध्ये रेझिस्टर असतील तर, २ मिलिव्होल्ट मला चालतात. मूग पद्धतीच्या लॅडर फिल्टरमधल्या (सिंथेसायझरमधलं, ट्रान्झिस्टरच्या जोड्या शिडीसारख्या रचलेलं सर्किट) सर्वांत वरच्या आणि खालच्या जोडीला मात्र अर्ध्या मिलिव्होल्टच्या आतलेच घेतो. एकाच पट्टीतले बीसी५४७ (नेहमीचे एनपीएन ट्रान्झिस्टर) घेतले तर अशा जोड्या पटकन सापडतात. जुळलेली जोडी सपाट बाजू एकमेकींना चिकटवून हीट श्रिंकमध्ये (तापवल्यावर आवळणाऱ्या नळीत) बांधावी, नाहीतर सर्किटमध्ये एक तापला की मेहनत वाया.

सॉकेट गोल पिनांचेच घ्या, साधे लवकर सैल होतात. २एन३९०४ च्या पिना बीसी५४७ च्या उलट, म्हणून तो फिरवून बसवायचा. बीसी५५७ सारख्या पीएनपी म्हणजे उलट दिशेने चालणाऱ्या ट्रान्झिस्टरसाठी बॅटरीची दिशा उलटवणारा स्विच लावा.

एसी१२८ सारख्या जुन्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरला हा टेस्टर उपयोगाचा नाही. त्यांच्यातून नको असताना वाहणारा करंट, म्हणजे गळती, बेस मोकळा ठेवून वेगळी मोजावी लागते.