अखंड रॉडचे दोन तुकडे करणारं फायबर स्पिगॉट किट

मासेमारीचा सात फुटी अखंड रॉड एसटीत नेणाऱ्यांसाठी किट कामाचं आहे. दोन तुकडे जोडणारी आतली भरीव कांडी, म्हणजेच स्पिगॉट, मात्र जाड येते. 400 नंबरच्या पॉलिशपेपरने घासून वरच्या अर्ध्या भागाला उतार द्यावा लागतो. ठोकून बसवली, तर ब्लँक (रॉडची पोकळ काठी) उभा चिरलाच म्हणून समजा! दोन गाईडच्या (दोरी ओवायच्या कड्यांच्या) मधे मास्किंग टेप लावून बारीक दात्यांच्या करवतीने कापा. कांडी मुठीकडच्या भागात इपॉक्सीने चिकटवा, 24 तास हलवू नका. दोन्ही तोंडांवर दोरा गच्च गुंडाळा, ताण तिथेच येतो. जोडल्यावर 5-6 मिलिमीटर फट हवीच; कांडी झिजली की वरचा तुकडा तेवढा खाली सरकतो. सूचनापत्रात नेमकं हेच नाही. जड शिसं फेकणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.